ओकुहारासारखं खेळायचंय? मग आधी पाय

जपानची बॅडमिंटनपटू नोझोमी ओकुहारा, तिची 2017 ची ग्लासगोची वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनल बघून घ्या, सिंधूला हरवलेली ती, 110 मिनिटं मॅच आणि एक रॅली तर 73 शॉट्सची! उंची कमी, मग नुसत्या स्मॅशच्या नादी न लागता ही पोरगी सगळं उचलून परत टाकते. त्यासाठी शॅडो फुटवर्क करा, म्हणजे शटलशिवाय सहा दिशांना पळायचं आणि दरवेळी मध्ये परत यायचं. रत्नागिरीकडे अंगणात वारा शटल कुठच्या कुठे नेतो, तिथे क्लिअर, म्हणजे शटल उंच उडवून पार मागे टाकायचा फटका, शिकू नका, हॉलच शोधा. पावसाळ्यात लादीला ओल येते, आधी पुसा. उघडीप मिळाली की पुळणीवर पळा, पोटऱ्या बोंबलतील, बोंबलू देत.