वॉशिंग्टनच्या लढाईच्या नोटा कशा जमवायच्या

माझी पहिली 'काँटिनेंटल' नोट, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली कागदी नोट, मी अमेरिकेत एका दुकानात घेतली, पिवळट कडक कागद, जुनाट वास, मी खूश. घरी येऊन भिंगाखाली धरली तर नंबर आणि सह्या सगळं छापलेलं! टुरिस्ट लोकांसाठीची कॉपी निघाली.

म्हणून आधी कागद ओळखायला शिका, खरेदी नंतर. तेव्हाच्या अमेरिकन काँग्रेसला, म्हणजे बंड केलेल्या १३ वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा हक्कच नव्हता, मग १७७५ ते १७७९ मध्ये सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा छापून इंग्रजांविरुद्धच्या युद्धाचा खर्च भागवला. खऱ्या कागदात निळे धागे आणि अभ्रकाचे कण असतात, नोट उजेडात तिरकी धरली की चमचमतात. नंबर आणि सह्या हाताने, शाईने केलेल्या. डॉलरच्या बऱ्याच नोटांच्या मागे झाडाचं पान असतं, खऱ्या पानाचा साचा काढून छापायची ही आयडिया बेंजामिन फ्रँकलिनची, कारण शिरांची ती जाळी हाताने कोरणं जवळपास अशक्य. तरी इंग्रजांनी ढिगाने खोट्या नोटा घुसवल्याच, आणि गंमत म्हणजे त्या काळातल्या खोट्या नोटाही आज लोक हौसेने जमवतात.

सुरुवात कुठून? मी म्हणेन १७ फेब्रुवारी १७७६ च्या, एका डॉलरपेक्षा लहान नोटांपासून. पुढे सूर्यघड्याळ आणि 'माइंड यूअर बिझनेस', मागे १३ वसाहतींच्या एकात एक अडकवलेल्या १३ कड्या. हात बसला की तारखांच्या मागे लागा. २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ च्या नोटा खोट्यांच्या सुळसुळाटामुळे परत मागवल्या होत्या, म्हणून त्या कमी सापडतात आणि महाग पडतात. आणि हो, 'युनायटेड कॉलनीज' जाऊन 'युनायटेड स्टेट्स' आलं ते या १७७७ वाल्यांपासूनच, मला तर हा एक शब्द बदललेला बघायलाच त्या हव्या होत्या.

घेताना पीएमजी किंवा पीसीजीएस (नोटा तपासून त्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या) यांचं ग्रेडिंग झालेली नोट घ्या, तिचा सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघा, आणि ऑक्शन असेल तर वरचं कमिशन आणि कस्टम धरूनच बोली लावा.

घरी पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) घ्या, लॅमिनेशन तर नकोच नको. एखादी नोट सुईदोऱ्याने शिवलेली मिळाली तर नाक मुरडू नका, फाटलेल्या नोटा तेव्हा लोक शिवून चालवायचे, तो दोरा तसाच राहू द्या.