क्रॉनमधली बॅकअप स्क्रिप्ट: फेल झाली की आपल्याला कळलीच पाहिजे

क्रॉन (लिनक्सवर ठरलेल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) वापरून रोज पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढायचा, तो कॉम्प्रेस करणाऱ्या जीझिपला पाइप करायचा आणि तारखेच्या नावाची फाइल बॅकअप फोल्डरात टाकायची, काम दोन ओळींचं आहे आणि बऱ्याच सर्व्हरवर ते दोन ओळींतच उरकलेलं असतं. घोळ असा की बॅश या शेलमध्ये पाइपलाइनचा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड. पासवर्ड बदलला म्हणून डंप काढणारा पीजी-डंप पहिल्या सेकंदाला मेला तरी जीझिपला त्याचं काही नसतं, त्याला रिकामा इनपुट मिळतो, तो तेवढाच कॉम्प्रेस करतो आणि शून्य देऊन मोकळा होतो. मग रोज नव्या तारखेची फाइल येत राहते, फक्त ती २० बाइटची असते, कारण रिकाम्या इनपुटचं जीझिप तेवढंच होतं.

तर सुरुवात पहिल्या ओळीपासून. शबँगमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीत, बॅशच लिहा, नुसतं एसएच नको, कारण डेबियन आणि उबंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल असतो आणि जुन्या डॅशला पाइपफेल माहीतच नाही. त्याच्या खाली सेट -ईयूओ पाइपफेल. यातला ई म्हणजे कमांड फेल झाली की स्क्रिप्ट तिथेच थांबव, यू म्हणजे सेट न केलेलं व्हेरिएबल वापरलं की थांबव, आणि पाइपफेलमुळे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी सगळी पाइपलाइन फेल धरली जाते, वरचा २० बाइटचा प्रकार इथेच पकडला जातो.

पण एवढ्यावर निवांत होऊ नका. इफच्या कंडिशनमध्ये किंवा && आणि || च्या डावीकडे असलेली कमांड फेल झाली तर ई काहीच करत नाही. फंक्शनमध्ये लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं तर कमांडचा एक्झिट कोड लोकलच्या स्वतःच्या कोडखाली दडपला जातो, म्हणून आधी लोकल डिक्लेअर करा आणि व्हॅल्यू पुढच्या ओळीत भरा. हे बऱ्याच अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतं.

आता जुने बॅकअप डिलीट करणारी ओळ, जिथे सगळ्यात जास्त जपायचं. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम स्टोअरच्या स्क्रिप्टमध्ये आरएम -आरएफच्या (न विचारता सगळं डिलीट करणाऱ्या कमांडच्या) पुढे फोल्डरचं व्हेरिएबल, मग स्लॅश, मग स्टार असं होतं, ते व्हेरिएबल रिकामं आलं आणि कमांड थेट रूटपासून डिलीट करत सुटली, युजरच्या फाइली गेल्या. तिथे व्हेरिएबलभोवती कोट्स होते बरं का! आणि सेटचा यू सुद्धा फक्त सेटच न केलेलं व्हेरिएबल पकडतो, सेट आहे पण रिकामं आहे ते तो सोडून देतो. त्यासाठी महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावानंतर कोलन आणि प्रश्नचिन्ह टाका, रिकामं निघालं तर बॅश तिथेच एरर देऊन थांबतो. कोट्स मात्र सगळीकडे लावाच, ते नावातल्या स्पेससाठी.

डंप थेट फायनल नावाने लिहू नका. आधी त्याच फोल्डरात टेम्प नावाने लिहा, जीझिप -टी ने फाइल तपासा, आणि मगच एमव्ही करा. एकाच फाइलसिस्टमवर एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं, त्यामुळे फायनल नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्णच आहे असं धरता येतं. ट्रॅप (स्क्रिप्ट संपताना ठरवलेली कमांड चालवणारी सोय) एक्झिटवर लावून अर्धवट टेम्प फाइल साफ करा. कालचा रन अजून चालू असताना आजचा सुरू होऊ नये म्हणून एफलॉक -एन वापरा, लॉक आधीच घेतलेलं असेल तर तो न थांबता माघार घेतो.

क्रॉनचं स्वतःचं वेगळंच असतं. तुमच्या लॉगिन शेलचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तिथे नसतो, साधारण /युएसआर/बिन आणि /बिन एवढंच मिळतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये पाथ स्वतः सेट करा. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या फाइलच्या, ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन त्याची नवी ओळ करतो, त्यामुळे तारखेचा फॉरमॅट तिथे न लिहिता स्क्रिप्टमध्येच लिहा.

आणि आता खरा मुद्दा, फेल झाल्याचं कळणार कसं? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चुकून प्रायमरी डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट झाली, बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपची क्लाउड स्टोरेजमधली बकेट रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि पीजी-डंप ९.२ चं चालत होतं, ते एरर देऊन बंद पडायचं. एररचे मेल जात होते, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय का ते तपासणाऱ्या पद्धतीच्या) सेटिंगमुळे समोरचा सर्व्हर ते रिजेक्ट करत होता. शेवटी साधारण ६ तास जुन्या स्नॅपशॉटवरून डेटा परत आणला, मधला गेला. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलंय आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

म्हणून फेल झाल्यावर मेल, या एकाच गोष्टीवर विसंबू नका, उलट करा. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, सगळं पास झाल्यावरच, एसएसएचने दुसऱ्या मशीनवर एक फाइल टच करा, म्हणजे तिची वेळ ताजी होते. त्या मशीनचा क्रॉन फाइंड -एममिन वापरून बघेल की ती फाइल १५६० मिनिटांपेक्षा, म्हणजे २६ तासांपेक्षा जुनी झाली का, झाली असेल तर अलर्ट. यात स्क्रिप्ट मेली, क्रॉन बंद पडला, अख्खा सर्व्हर गेला, काहीही झालं तरी अलर्ट येणारच, कारण आपण यशाची वाट बघतोय. तो अलर्ट खरंच पोचतो का ते पण एकदा फाइलची तारीख मागे नेऊन तपासा.

सर्व्हरवर टाकण्याआधी शेलचेक (शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) चालवा, फुकट आहे, कोट्स विसरलात की एससी२०८६ म्हणून लगेच ओळ दाखवतो. स्क्रिप्ट शंभरएक ओळींच्या पुढे गेली किंवा जेसन वाचायची वेळ आली तर सरळ पायथनकडे वळा. आणि महिन्यातून एकदा तोच डंप एका रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोअर करून मोठ्या टेबलांच्या रो मोजा, कारण जीझिप -टी फाइल फुटलेली नाही एवढंच सांगतो, आत तुमचा डेटा आहे की नाही ते रिस्टोअर केल्यावरच कळतं.