माळ्यावरची लष्करी दुर्बीण दुरुस्त करायची? आधी या चुका टाळा

कोकणात घरटी कुणीतरी पलटणीत नाहीतर नेव्हीत गेलेलं असतं. त्यामुळे माळा आवरताना ट्रंकेतून एखादी जुनी दुर्बीण निघते. बहुतेकदा ‘बायनो प्रिझम नं. 2’ असं कोरलेली ब्रिटिश लष्कराची 6×30 (म्हणजे सहापट मोठं दाखवणारी, 30 मिमी रुंद भिंगांची), किंवा नेव्हीची जड 7×50. ती हातात आली की स्क्रूड्रायव्हर शोधू नका. आधी तपासा.

अंधाऱ्या खोलीत मोठ्या भिंगातून टॉर्च मारा आणि दुसऱ्या टोकाने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती नवी असेल तर पुसून जाते. जुनी असेल तर काच खाल्लेली असते. बुरशी गेली तरी तिचा डाग राहतो. नुसता धुरकट थर असेल तर बरंच, कारण तो सहसा जुन्या ग्रीसचा असतो आणि साफ होतो. मोठ्या भिंगाच्या कडेला सोनेरी किंवा इंद्रधनुषी चट्टे असतील, तर दोन काचा जोडणारा बाल्सम सुटलाय. ते घरचं काम नाही.

मग किनाऱ्यावर जा. क्षितिजाची रेघ दोन्ही डोळ्यांनी पाहत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. एका नळीतली रेघ वर, दुसरीतली खाली दिसली तर नळ्या जुळत नाहीत. थोडा फरक डोळे ओढून सांभाळून घेतात, म्हणून तो लगेच कळत नाही. नंतर डोकं मात्र दुखतं. मोठ्या भिंगांभोवतीच्या कड्या ही जुळणी धरून ठेवतात. ‘जरा बघू’ म्हणून त्या फिरवल्यात, तर चांगली दुर्बीणही बिघडते.

काच खाल्लेली आणि बाल्समही सुटलेला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: खर्च करू नका, आहे तशी जपा. नुसता धुरकटपणा किंवा जुळणीचा दोष असेल तर जाणकाराकडून जरूर करून घ्या. पण रंगाला हात लावायचा नाही, हे देतानाच बजावून सांगा. मी सांगितलं नाही. कारागिराने हौसेने काळा रंग खरवडून पितळ लखलखीत करून दिलं. ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण निम्मी गेली. खालचं 1943 आता बोटाला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. आजोबांच्या अंगठ्याने झिजलेली जागा होती, तीही गेली.

पावसाळ्यात उघडू नका, दमट हवा आतच कोंडते. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी दुपार बरी. सुकवायला खळ्यात उन्हात ठेवू नका, बाल्सम मऊ पडतो. तांदळाच्या डब्यातही नको, कोंडा फोकसच्या आट्यांत शिरतो. खारी धूळ फडक्याने पुसण्याआधी ब्लोअरने उडवा, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो.

चामड्याची पेटी ओल धरते, ती वेगळी ठेवा. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर गरम करा, पुन्हा निळे होतात. त्यासाठी तवा मात्र वेगळा ठेवा, भाकरीचा नको.