प्रायव्हेट पायलटची चेकराइड देताय? मग या चुका टाळा

अमेरिकेत चेकराइडची, म्हणजे प्रायव्हेट पायलट होण्याच्या शेवटच्या तोंडी आणि उड्डाण परीक्षेची, तारीख मिळाली की बहुतेक स्टुडंट रोज पॅटर्नमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या मार्गावर) फेऱ्या मारत बसतात, लँडिंग एकदम चकाचक करायचं म्हणून. लँडिंग यायला हवंच, पण टेस्ट अडकते ती बऱ्याचदा दुसरीकडेच. एकतर लॉगबुकमध्ये, नाहीतर अशा जागी जिथे निर्णय घ्यायचा होता आणि स्टुडंट एक्झामिनरच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या फ्लाइटला पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला पायलट, तुम्ही असता, एक्झामिनर नाही, आणि ही सवय तयारीतच लागली पाहिजे, ऐनवेळी नाही येत.

कागदांचा घोळ

एकूण ४० तास भरले म्हणजे झालं असं अजिबात समजू नका. त्या ४० तासांच्या आत काय काय असलं पाहिजे ते एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) नियमात, पार्ट ६१ मध्ये, स्पष्ट लिहिलंय आणि लोक तिथेच फसतात. नाइट क्रॉस कंट्री, म्हणजे रात्री दुसऱ्या एअरपोर्टपर्यंतचं उड्डाण, एकूण १०० नॉटिकल मैलांपेक्षा जास्त हवी, ९८ झाली तर ती धरत नाहीत. लांबची सोलो (एकट्याने केलेली) क्रॉस कंट्री किमान १५० नॉटिकल मैलांची हवी, तीन ठिकाणी फुल स्टॉप लँडिंग (उतरून पूर्ण थांबायचं) आणि त्यातला एक टप्पा सरळ रेषेत ५० मैलांच्या वर. रात्रीची १० लँडिंग पण फुल स्टॉपच हवीत, टच अँड गो (टेकून न थांबता परत टेकऑफ) केले असतील तर मोजू नका. कंट्रोल टॉवर चालू असलेल्या एअरपोर्टवर सोलोमध्ये ३ टेकऑफ आणि ३ फुल स्टॉप लँडिंग पण लागतात, हे तर कितीतरी जणांना शेवटच्या आठवड्यात कळतं.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे टेस्टच्या तयारीचे ३ तास. हे तास टेस्टच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांत झालेले हवेत. समजा टेस्ट जुलैच्या शेवटी होती आणि तुमचे ते ३ तास मे महिन्यात झालेत, तर सगळं व्यवस्थित आहे, पण हवामान बिघडलं आणि टेस्ट ऑगस्टमध्ये गेली की मे महिन्याचे तास बाद. तुमची तयारी झाली अशा इन्स्ट्रक्टरच्या एंडोर्समेंटचं (लॉगबुकातल्या सहीचं) पण तसंच. टेस्ट पुढे ढकलली की पहिलं काम हेच करा, तारखा पुन्हा मोजा.

लेखी परीक्षेत जे प्रश्न चुकले त्या विषयांची उजळणी झाल्याची इन्स्ट्रक्टरची सही पण बघून घ्या, आणि ऑनलाइन अर्जातलं नाव फोटो आयडीवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही. टेस्टच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून एकेक ओळ तपासा.

आता विमानाची लॉगबुकं. स्टुडंट ती कधी उघडतच नाहीत, शाळेचं काम आहे म्हणून. आणि मग एक्झामिनर जाडजूड फाइल समोर सरकवतो आणि म्हणतो, हे विमान आज उडायला योग्य आहे ते दाखवा. तेव्हा पानं उलटत बसलात तर पहिल्या दहा मिनिटांतच धीर सुटतो. म्हणून आधीच शाळेत जाऊन चिकटपट्ट्या लावून ठेवा: अॅन्युअल इन्स्पेक्शन (१२ कॅलेंडर महिने), लागू असेल तर १०० तासांचं, रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरची तपासणी (२४ महिने), ईएलटी म्हणजे अपघात झाल्यावर सिग्नल देणाऱ्या यंत्राची (१२ महिने), आणि एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (सक्तीच्या दुरुस्ती-तपासणीच्या आदेशांची) यादी. अॅन्युअल १२ मार्चला झालं असेल तर ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतं, हा कॅलेंडर महिन्याचा हिशोब हमखास विचारतात.

तोंडी परीक्षेत

पाठांतर करून येणारे पहिल्या दोन प्रश्नांत छान बोलतात आणि तिसऱ्याला अडखळतात, कारण प्रश्न व्याख्येचे नसतात, प्रसंगाचे असतात. डाव्या टाकीचा फ्युएल गेज चालत नाहीये, टाकीत तुम्ही स्वतः डोकावून बघितलंय, भरपूर इंधन आहे, मग जायचं का? इथे बरेच जण हो म्हणतात. पण दिवसाच्या व्हीएफआर (बाहेर बघून करायच्या) उड्डाणाला लागणाऱ्या उपकरणांत प्रत्येक टाकीचा गेज येतो, त्यामुळे विमान जात नाही. लँडिंग लाइट बंद असेल तर उत्तर वेगळं, दिवस आहे की रात्र, विमान भाड्याने चालवलं जातंय का, विमानाच्या उपकरण यादीत काय म्हटलंय, आणि शेवटी ती वस्तू बंद करून तिच्यावर पाटी लावली का. मला वाटतं या एका विषयावर एक अख्खी संध्याकाळ खर्च केली तरी कमीच आहे.

एखादी गोष्ट आठवली नाही तर थापा मारू नका. पुस्तकात कुठे सापडेल ते माहीत असणं चालतं, फक्त प्रत्येक प्रश्नाला पुस्तक उघडायला लागलात तर नाही चालणार. आणि वेट अँड बॅलन्स (विमानातल्या वजनाचा आणि तोलाचा हिशोब) करताना एक्झामिनरचं वजन आधीच विचारून घ्या, लाजू नका, अंदाजे आकडा टाकलेला लगेच लक्षात येतो.

हवेत गेल्यावर

मनूव्हर (ठरवून दिलेली कसरत) सुरू करायच्या आधी क्लिअरिंग टर्न, म्हणजे आजूबाजूला दुसरं विमान नाही हे बघायला घेतलेलं वळण, विसरणं ही सगळ्यात स्वस्तात नापास व्हायची पद्धत आहे. प्रत्येक वेळी करा, आणि करताना खरंच बाहेर बघा.

स्टीप टर्नमध्ये (तीव्र वळणात) ४५ अंश बँक (पंखांचा कल), उंची १०० फुटांच्या आत, स्पीड १० नॉटच्या आत. उंची घसरायला लागली की स्टुडंट अल्टिमीटरवर डोळे लावतो, मग बँक वाढते, मग अजून उंची जाते. नजर क्षितिजावर ठेवा, आत नुसती झलक. आणि एकदा १०० फुटांच्या बाहेर गेलात म्हणून सगळं संपलं असं नसतं. एफएएचं परीक्षेचं स्टँडर्ड काय म्हणतं, तर सतत बाहेर राहणं किंवा लगेच दुरुस्त न करणं हे चुकीचं. सरळ म्हणा, उंची कमी झाली, दुरुस्त करतोय, आणि करा.

स्लो फ्लाइटचे जुने व्हिडिओ बघून तयारी करू नका. आधी स्टॉलचा (पंखांची उचल सुटण्याचा) इशारा देणारा हॉर्न वाजवत उडायचे, आताच्या स्टँडर्डमध्ये हॉर्न वाजायच्या जरा अलीकडचा स्पीड धरायचा असतो, हॉर्न सतत वाजत ठेवलात तर ती चूक धरतात.

इंजिन फेल्युअर जरा नीट बघू. एक्झामिनर पॉवर मागे ओढतो. स्टुडंट लगेच चेकलिस्टचं कार्ड शोधायला खाली वाकतो, तेवढ्यात सेस्ना १७२ एसचा स्पीड ६८ नॉटच्या बेस्ट ग्लाइडवरून (इंजिनाशिवाय सगळ्यात लांब तरंगत जायच्या स्पीडवरून) खाली ५५ ला येतो किंवा नाक खाली पडून ८५ ला जातो. पहिले हात ट्रिमवर (विमान ठरावीक स्पीडला स्थिर ठेवणाऱ्या चाकावर), स्पीड धरा, मग शेत निवडा आणि वारा कुठून आहे ते बघा, त्यानंतर रीस्टार्टच्या गोष्टी आठवणीतून करा आणि कार्ड शेवटी. शेत एकदा निवडलं की चांगल्या शेताच्या शोधात भटकू नका, ही चूक फार होते आणि मग दोन्हीही हातातून जातात.

डायव्हर्जनला (वाटेत दुसऱ्याच एअरपोर्टकडे जायला सांगितलं तर) आधी साधारण दिशेला वळा, वेळ लिहा, हिशोब नंतर. जीपीएसची बटणं दाबत बसलात तर विमान सरळ भलतीकडेच चाललेलं असतं.

शॉर्ट फील्ड (आखूड रनवेच्या) लँडिंगला ठरवलेल्या खुणेच्या आधी एक फूटही टेकायचं नाही, खुणेपासून पुढे २०० फुटांच्या आत टेकायचं. अप्रोच जुळत नसेल तर गो अराउंड करा, म्हणजे न उतरता परत वर जा, आणि वेळेत करा. बरेच जण घाबरतात की गो अराउंड केला तर एक्झामिनरला वाटेल यांना जमत नाही. उलट, ओढूनताणून खाली आणलेलं विमान जास्त महागात पडतं.

हवामान खराब झालं, विमानात काही वाजायला लागलं किंवा तुम्हालाच बरं वाटेनासं झालं तर स्वतः तोंडाने सांगा, आज थांबू या. तेव्हा डिस्कंटिन्युअन्सचं (टेस्ट अर्धवट थांबवल्याचं) लेटर मिळतं आणि झालेला भाग ६० दिवस धरला जातो. नापास झालात तर नापासाची नोटिस मिळते, त्यातही ६० दिवसांत परत आलात तर पास झालेले भाग साधारणपणे पुन्हा द्यावे लागत नाहीत, फक्त राहिलेल्या भागाची इन्स्ट्रक्टरकडून तयारी आणि नवी एंडोर्समेंट लागते. म्हणून नोटिस हातात पडली की त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरची वेळ घ्या आणि पुढच्या टेस्टची तारीख मागा, कारण एक्झामिनरच्या तारखा लवकर मिळत नाहीत.