डोंगराचं नाव इंग्रजीत लिहिताना: ‘द’ कुठे, ‘माउंट’ कुठे?

कळसूबाईबद्दल इंग्रजीत चार ओळी लिहायला बसलं की पहिल्याच शब्दाला हात अडतो. ‘माउंट कळसूबाई’, ‘कळसूबाई पीक’, ‘द कळसूबाई’ की नुसतं ‘कळसूबाई’? यातलं ‘द कळसूबाई’ तेवढं चूक, बाकी तिन्ही चालतात. कोणतं कुठे चालतं हे ठरवायचं तर आधी नाव फोडून पाहावं लागतं.

नाव फोडताना एकच गोष्ट शोधायची: त्यात डोंगर या अर्थाचा शब्द आधीच दडलेला आहे का? सह्याद्री म्हणजे सह्य नावाचा अद्री. पुराणांतल्या सात कुलपर्वतांमध्ये नाव नुसतं ‘सह्य’ असंच येतं. ब्रह्मगिरीत ‘गिरी’ आहे, हरिश्चंद्रगडात ‘गड’, म्हणजे डोंगरी किल्ला. स्कॉटलंडच्या बेन नेव्हिसमधला ‘बेन’ हा तिथल्या गेलिक भाषेतला डोंगर, स्पॅनिश ‘सिएरा’ म्हणजे डोंगररांग, आणि माँ ब्लाँ या फ्रेंच नावातला ‘माँ’ म्हणजेही पर्वत. अशा नावांपुढे किंवा मागे पुन्हा इंग्रजीतला डोंगर चिकटवला की ‘पिवळा पीतांबर’ होतो. ‘माउंट बेन नेव्हिस’ कोणी लिहीत नाही, पण ‘माउंट फुजियामा’ अजूनही दिसतं. ‘यामा’ म्हणजेच डोंगर. त्यामुळे इंग्रजीत ‘माउंट फुजी’ एवढंच लिहावं. जपानी लोक ‘फुजी-सान’ म्हणतात, त्यातला ‘सान’ माणसाच्या नावापुढे लावायचा आदरार्थी शब्द नव्हे. तोही डोंगरच.

मराठी नावांच्या बाबतीत मात्र थोडी सूट घ्यायला हरकत नाही. परदेशी वाचकाला ‘गड’ कळत नाही, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘हरिश्चंद्रगड फोर्ट’ लिहावं, पुढे ‘फोर्ट’ गाळावं.

अर्थ शोधताना इंटरनेटवर मिळणारी पहिली व्युत्पत्ती उचलू नये. किलिमांजारोचा अर्थ ‘चमकता पर्वत’ असा छातीठोकपणे सांगितलेला आढळतो. प्रत्यक्षात स्वाहिलीत ‘किलिमा’ म्हणजे टेकडी, आणि उरलेल्या ‘न्जारो’वर अभ्यासकांचं एकमत नाही.

आता ‘द’. एकट्या शिखराला ‘द’ लागत नाही, रांगेला लागतो, आणि रांगेचं नाव बहुधा अनेकवचनी होतं: द आल्प्स, द अँडीज, द रॉकीज, द नीलगिरीज. हिमालय आपल्याकडे एकवचनी, ‘हिमाचं आलय’. इंग्रजीत तो ‘द हिमालयाज’ होतो. सह्याद्रीचं ‘द सह्याद्रीज’ किंवा ‘द सह्याद्री रेंज’ करावं. अपवाद ठळक आहेत ते स्वित्झर्लंडमधले: द मॅटरहॉर्न, द आयगर, द युंगफ्राउ. जर्मनमध्ये या नावांना उपपद लागतं, ते इंग्रजीनेही ठेवलं. उलट वेल्समधल्या स्नोडनचं मूळ नाव ‘अर् विद्वा’. त्यातला ‘अर्’ म्हणजेच ‘द’, म्हणून त्यापुढे आणखी ‘द’ नको.

एक सापळा: ‘द नंदादेवी नॅशनल पार्क’ चालतं, ‘द नंदादेवी’ चूक. तिथला ‘द’ शिखराचा नाही, उद्यानाचा आहे.

‘माउंट’चा नियम मात्र रूढीवर चालतो, त्यामुळे इथे तर्काची फार मदत होत नाही. एव्हरेस्ट, एटना, एल्ब्रुस, कैलास यांना तो लागतो. नंदादेवी, कांचनजंगा, अन्नपूर्णा यांना सहसा नाही, आणि के-टूला तर नाहीच. हे नाव म्हणजे 1856 मध्ये मोंटगोमेरी या सर्वेक्षकाने केलेली नोंद आहे: काराकोरममधलं दोन नंबरचं शिखर. गाळायचा की ठेवायचा, यासाठी सोपी कसोटी अशी: ‘माउंट’ काढल्यावर दुसरंच काही डोळ्यांसमोर येतं का? ‘एव्हरेस्ट’ म्हटलं तरी शिखरच आठवतं, गाळा खुशाल. पण ‘केनिया’ म्हटलं की देश होतो, म्हणून शिखर कायम ‘माउंट केनिया’. ‘माउंट अबू’त तर हा शब्द गावाच्या नावातच मुरला आहे. ‘माउंटन’ हा शब्द मात्र बहुधा नावानंतर येतो, जसं केप टाउनचं ‘टेबल माउंटन’. संक्षेप करताना ‘माउंट’ची एम आणि टी ही दोनच अक्षरं ठेवतात, अमेरिकन पद्धतीत पुढे टिंब देतात, ब्रिटिश पद्धतीत देत नाहीत.

मराठी माणसाच्या चुका सर्वांत जास्त होतात त्या विभक्तीवरून. आपण कळसूबाई‘वर’ चढतो, म्हणून ‘क्लाइम्ड ऑन कळसूबाई’ लिहिलं जातं. तिथे ‘ऑन’ नको, ‘क्लाइम्ड कळसूबाई’ पुरे. शिखरावर बर्फ किंवा देऊळ असेल तर ‘ऑन’, रांगेत भटकंती असेल तर ‘इन द सह्याद्रीज’, तळाच्या मुक्कामासाठी ‘ॲट एव्हरेस्ट बेस कॅम्प’, आणि अबूला राहिलात तर ‘इन माउंट अबू’, कारण ते गाव आहे.

‘घाट’ या शब्दाची गंमत वेगळीच. मराठीत घाट म्हणजे डोंगर ओलांडायची वाट: बोरघाट, माळशेज, खंबाटकी. इंग्रजांनी तोच शब्द अख्ख्या रांगेला लावून ‘द वेस्टर्न घाट्स’ केलं, आणि त्याचं भाषांतर ‘पश्चिम घाट’ होऊन ते आपल्याच घरी परत आलं. म्हणून ‘घाटात गाडी बंद पडली’ हे इंग्रजीत ‘इन द घाट्स’ असं गेलं की वाचकाला अख्खी रांग दिसते. तिथे घाटाचं नाव घालावं, ‘ऑन बोर घाट’ किंवा ‘ऑन द घाट रोड’.

दोन नावं असलेल्या पर्वतांपाशी जपून. सर्वेक्षणात नुसतं ‘पीक फिफ्टीन’ म्हणून नोंदलेल्या शिखराला 1865 मध्ये भारताचे माजी सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांचं नाव दिलं गेलं, तेही त्यांनी स्वतः हरकत घेतलेली असताना. नेपाळमध्ये ते सगरमाथा, तिबेटीत चोमोलुंग्मा. अलास्कातल्या 6190 मीटरच्या शिखराला 2015 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कागदोपत्री ‘डेनाली’ म्हणत, 2025 मध्ये ते पुन्हा ‘माउंट मॅकिन्ली’ झालं. त्याभोवतीचं राष्ट्रीय उद्यान मात्र डेनालीच राहिलं. ऑस्ट्रेलियातल्या खडकाचं अधिकृत नाव 2002 पासून ‘उलुरू / एअर्स रॉक’ असं जोडनाव आहे, स्थानिक नाव आधी. लेखात पहिल्या उल्लेखाला दोन्ही नावं द्यावीत आणि पुढे एकच धरावं. एका परिच्छेदात डेनाली आणि दुसऱ्यात मॅकिन्ली आलं, तर वाचकाला ही दोन शिखरं वाटतात.

विशेषणं उरली. ‘हिमालयन’ला नेहमी मोठं आद्याक्षर. ‘अल्पाइन’ला आल्प्सबद्दल असेल तर मोठं, उंचावरच्या कोणत्याही वनस्पतीबद्दल असेल तर लहान. आणि ‘हिमालयन ब्लंडर’ हा वाक्प्रयोग भारतीय इंग्रजीत सर्रास चालत असला तरी लंडन-न्यूयॉर्कच्या वाचकासाठी लिहिताना तिथे साधं ‘ह्यूज’ वापरावं.