खाणावळीचं मराठी वेबपान: एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहिताना

सदाशिव पेठेतल्या एखाद्या खाणावळीचं पान करायचंय असं धरू. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना त्यावर जेवणाच्या वेळा, महिन्याचा दर, सुट्टीचा वार आणि फोन नंबर हवा. तेवढ्याला एकच पान पुरतं, आणि शिकायलाही तेच उत्तम.

एका फोल्डरमध्ये दोन फाइल्स करा: इंडेक्स डॉट एचटीएमएल (पानावरचा मजकूर आणि त्याची रचना) आणि स्टाइल डॉट सीएसएस (पान कसं दिसावं त्याचे नियम). फाइलची आणि फोटोची नावं इंग्रजी स्मॉल अक्षरांतच ठेवा, मधे स्पेस नको. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, बहुतेक सर्व्हरना नाही; म्हणून घरी दिसलेला फोटो अपलोड केल्यावर गायब होतो. नोटपॅड वापरत असाल तर सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. नाहीतर नावामागे टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझरमध्ये पानाऐवजी नुसता कोड दिसतो.

एचटीएमएल फाइलच्या पहिल्या ओळीत डॉकटाइप, म्हणजे हे एचटीएमएल पान आहे असं ब्राउझरला सांगणारी ओळ. मग एचटीएमएल टॅगला (टॅग म्हणजे कोनी कंसात लिहायची खूण) ‘लँग’ हे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आतली जादा माहिती, द्या, त्याची किंमत एमआर, म्हणजे मराठी. हे वगळू नका. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात, ब्राउझर हे अ‍ॅट्रिब्यूट बघूनच ती निवडतो. हेड टॅगमध्ये सगळ्यात आधी चारसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कोणत्या संकेतात साठवली आहेत ते, कारण फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत ते सापडावं लागतं. त्यानंतर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, शीर्षक आणि सीएसएसची लिंक. व्ह्यूपोर्ट राहिला तर फोन पान मोठ्या स्क्रीनसाठीचं समजून आक्रसून दाखवतो.

बॉडीत, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागात, एच१ (मुख्य शीर्षक) एकदाच, खाणावळीच्या नावाला. दरपत्रकाला टेबल. फोन नंबरला ‘टेल’ची लिंक द्या, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. मेन्यू डीटीपीवाल्याकडून आला असेल तर सांभाळा: श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांत, नसतो. तो पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटतो, आणि चारसेट बदलून तो सुटत नाही. कन्व्हर्टरमधून काढा किंवा सरळ पुन्हा टाइप करा. चार ओळींसाठी दुसरंच बरं.

सीएसएसचे बहुतेक धडे इंग्रजी अक्षर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात, आणि मराठी पान बिघडतं ते इथे. आपल्याकडे वर वेलांटी-रफार, खाली उकार. म्हणून लाइन-हाइट १.७ ठेवा, आणि एकक न लावता. पिक्सेलमध्ये दिलीत तर तोच आकडा मोठ्या शीर्षकालाही लागतो आणि ते दोन ओळींत गेलं की ओळी एकमेकींत घुसतात. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते. इटॅलिकही नको, बहुतेक मराठी फॉन्टांत ते नसतंच, ब्राउझर अक्षर नुसतं तिरकं ढकलतो. जोर द्यायचा तर ठळक करा. मुक्ता फॉन्ट चांगला आहे; ४०० (साधं) आणि ७०० (ठळक) ही दोनच वजनं घ्या. देवनागरी फॉन्टच्या फाइल्स जड असतात, प्रत्येक जादा वजनाने पान उशिरा उघडतं.

बॉडीला मॅक्स-विड्थ ३८ रेम (रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर मोजायचं एकक), डाव्या-उजव्या बाजूंना मार्जिन ऑटो, पॅडिंग १ रेम. इमेजला मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. पण थाळीचा फोटो आधीच १२०० पिक्सेल रुंदीचा करून घ्या. सीएसएसने चित्र लहान दिसतं, फाइल तेवढीच उतरते.

एखादा नियम लागू होत नसेल तर आदल्या ओळीचा सेमिकोलन बघा. तो सुटला की ब्राउझर दोन्ही ओळी मुकाट्याने सोडून देतो. सेमिकोलन जागेवर असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा, जुनी सीएसएस कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीत, अडकलेली असू शकते. त्यानेही भागलं नाही तर एफ१२ दाबून ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडा: बाद झालेली ओळ तिथे खोडलेली दिसते.

पान गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहब या साइटच्या पानं ठेवायच्या सेवेवर, फुकट चढवता येतं. रिपॉझिटरी (तिथलं तुमच्या फाइल्सचं फोल्डर) पब्लिक ठेवा आणि सेटिंग्जमध्ये पेजेस चालू करा. पत्ता मिळाला की वायफाय बंद करून, साध्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा आणि फोन नंबरवर बोट लावून बघा.