लॉ फर्मच्या अर्जात पसंतीचा विषय लिहिताना या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम, गडचिरोलीकडच्या मुलामुलींचे लॉ फर्मसाठीचे अर्ज वाचताना ‘प्रॅक्टिस एरियाची पसंती’ या रकान्यापाशी जीव हळहळतो. तिथे हमखास लिहिलेलं असतं: कॉर्पोरेट, क्रिमिनल, टॅक्स, आयपीआर (बौद्धिक संपदा), आर्बिट्रेशन (लवाद). त्यावरून एवढंच कळतं की अजून काही ठरलेलं नाही. दोनच विषय लिहा आणि पहिली पसंती कोणती ते स्पष्ट सांगा.

याहून महागात पडणारी चूक म्हणजे गावाकडचं काम लपवणं. तालुका कोर्टातली इंटर्नशिप एका ओळीत उरकायची आणि ‘मर्जर-ॲक्विझिशनची (कंपन्यांचं विलीनीकरण आणि खरेदी) मनापासून आवड’ यावर परिच्छेद खर्ची घालायचा! अहो, मोठ्या फर्मच्या रिअल इस्टेट विभागात जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासणं हे रोजचं काम आहे. सातबारा कसा वाचायचा, भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) म्हणजे काय, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची असेल तर १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ कसं आडवं येतं, हे तुम्ही तहसीलच्या आवारात पाहिलंय. ते लिहा. उदाहरणार्थ:

“पहिली पसंती रिअल इस्टेट. इंटर्नशिपमध्ये एका शेतजमिनीच्या खरेदीआधी सातबारा आणि जुने फेरफार लावून पाहिले. वारस फेरफारात फक्त भावांची नावं होती, बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. ते टिपण करून वकीलसाहेबांना दिलं. हेच काम पुढे शिकायचं आहे.”

एवढं पुरे. मात्र पक्षकाराचं नाव, गाव, गट नंबर चुकूनही लिहू नका. अर्जातच गुप्तता मोडणाऱ्याच्या हाती कुणी फाईल देत नाही.

‘शेतकऱ्यांसाठी काम करायचंय’ ही भावना खरी असते, पण त्यातून विभाग कळत नाही. भूसंपादनाचा मोबदला म्हणत असाल तर २०१३चा कायदा, वनहक्क म्हणत असाल तर २००६चा, असं नेमकं लिहा. फर्म कोणाच्या बाजूने उभी राहते, हेही आधी बघा. महामार्गाच्या किंवा कोळसा खाणीच्या भूसंपादनात ती कंपनीचं काम पाहत असेल आणि तुम्हाला जमीनधारकांची बाजू मांडायची असेल, तर शब्द फिरवून अर्ज करू नका. नागपूर खंडपीठात शेतकऱ्यांची प्रकरणं चालवणारे वकील आहेत, तिकडे अर्ज करा. माझं मत तरी हेच आहे.

नुसतं ‘लिटिगेशन’ (कोर्टातले दावे) लिहिणंही अपुरं. कोणत्या विषयातलं आणि कोणत्या कोर्टातलं? २०१६च्या दिवाळखोरी संहितेत काम करायचंय असं लिहून नागपूरच्या ऑफिसला पसंती दिलीत, तर प्रश्न येणारच, कारण महाराष्ट्रातली ही प्रकरणं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालतात. जायची तयारी असेल तर तसं लिहून टाका.

इंटर्नशिप फारशी झालीच नसेल तर? पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे बार कौन्सिलच्या नियमानेच करावे लागतात. त्यातलं एक प्रकरण निवडा: दावा काय होता, कागद कोणते होते, कुठे अडलं. मुलाखतीला जाण्याआधी ते न बघता मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत सांगता येतंय का ते तपासा.